म्हण चिन्मयी, म्हण

बाबा,

तुमची शोकसभा छान झाली. दोघातिघांचे उच्चार सोडले तर तुम्हालाही आवडली असती. शाळेच्या सभागृहात खुर्च्या कमी पडल्या, मागची मुलं भिंतीला टेकून उभी होती, आणि जो उठला तो एकच गोष्ट सांगत होता की सरांनी आम्हाला बोलायला शिकवलं. तुमचा एक विद्यार्थी वकील झालाय. आज कोर्टात ताठ उभा राहतो तो सरांमुळं, असं म्हणाला. एका बाईंनी अगदी तुमच्यासारखं प्रत्येक शब्दाला वेगळं पान वाढल्यागत भाषण केलं आणि शेवटी रडल्या. मी पहिल्या रांगेत चिन्मयीला मांडीवर घेऊन बसले होते. अडीच वर्षांची होऊन गेली तुमची नात. माझ्या ओढणीचं टोक चघळत, बोलणाऱ्यांच्या तोंडाकडे टकमका बघत होती. सरांनी गावाला बोलायला शिकवलं म्हणे. हिला तेवढं सोडून.

मलाही म्हणाले, दोन शब्द बोला. मी हात जोडले आणि मान हलवली. लोकांना वाटलं, कंठ दाटून आला. कंठ नव्हता दाटला बाबा, राग गळ्यापर्यंत आला होता. तिथं तोंड उघडलं असतं तर तुमच्या सभेची शोभा झाली असती. तेव्हा गिळलं ते आता बोलते. मध्येच थांबवून वाक्य सुधारायला तुम्ही नाही, हे एक बरं झालं म्हणायचं.

आधी जे मान्य करायचं ते करून टाकते, म्हणजे पुढं भांडायला मोकळी. माझी बदली इथं चिखलीच्या बँकेत झाली, तुमचा जावई संदीप चाकणला कंपनीत, आणि पोर दीड वर्षाची. पाळणाघराची चौकशी करते म्हटलं तर तुम्ही असे बघत राहिलात जसं मी लेकरू बाजारात मांडणार होते. "मी निवृत्त होऊन काय करतो आहे?" म्हणालात. आणि खरंच केलंत. सकाळी माझा डबा होईपर्यंत तिला खांद्यावर घेऊन अंगणात फिरायचे, तिचे दात येत होते तेव्हा दुपारची झोप सोडली, तिला जुलाब झाले तेव्हा आईच्या आधी तुम्ही उठायचे. असा आजोबा मी दुसरा पाहिला नाही. म्हणून तर माफ करायला जड जातं. प्रेम नसतं तर दोन शिव्या देऊन मोकळी झाले असते.

पण आम्ही दोघी राहायला आल्या आल्या तुम्ही घरात फर्मान काढलं. तिला चिमी म्हणायचं नाही, चिन्मयी म्हणायचं. मम नाही, पाणी. भूभू नाही, कुत्रा. गाई गाई नाही, झोप. आणि सगळ्यात मोठं म्हणजे तिच्यासमोर वऱ्हाडी बोलायचं नाही. "जे कानावर पडेल तेच जिभेवर येईल," हे तुम्ही आईला असं बजावलंत, जसं आई लेकराला विष पाजणार होती. मी हसले होते तेव्हा. म्हटलं, बाबांचं आपलं काहीतरी. मला काय ठाऊक की त्या दिवसापासून आपल्या घरात कोणी बोलणारच नाही.

कोण बोलणार होतं, सांगा ना. आईला शुद्ध बोलता येत नाही. तुम्ही लग्न झाल्यापासून तिचं एकेक वाक्य वाटेत अडवून दुरुस्त करत आलात, तेव्हा ती तुमच्यासमोर हो-नाही एवढ्यावर आली होती. लेकरासमोर बोलताना चूक झाली तर नातीचं नुकसान होईल, हे एकदा तिच्या मनात घातल्यावर तिनं तेही सोडलं. ती चिन्मयीला न बोलता भरवायची, न बोलता न्हाऊ घालायची, न बोलता थोपटायची. मी बँकेतून यायची ती दिवसभर काउंटरवर बोलून थकलेली, आणि घरात पाय ठेवला की आपोआप तुमच्या भाषेत शिरायची. त्या भाषेत लेकराला काय म्हणायचं असतं हो? 'चिन्मयी, आज तू काय केलंस?' आणि संपलं. पुढं काही सुचायचं नाही. लाडात येऊन 'अवं माही माय, इकडे ये व' असं तोंडाशी यायचं आणि बैठकीतून तुमचा खोकला ऐकू यायचा. शेजारच्या नसीमचाची भिंतीवरून लेकराला हाका मारायच्या, त्यांच्याकडं पाठवायचीही बंदी. म्हणजे तिच्या कानावर पडायचं ते पंख्याचं घरघरणं आणि तुमचे धडे.

ते धडे. भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावला होता तुम्ही, तिच्या उंचीला. काठीचं टोक चित्रावर ठेवायचं आणि म्हणायचं, "म्हण चिन्मयी, म्हण. अ-न-न-स." कुठं पाहिला होता हो तिनं अननस? आणि पुढचं तर विचारूच नका. ईडलिंबू! बाबा, मी पस्तीस वर्षांची झाले, मी अजून ईडलिंबू पाहिलेलं नाही. तुम्ही पाहिलं होतं का? अंगणात पपई होती, दारात शेळी यायची, माठ होता, तवा होता, तिची चप्पल होती, जी शोधत ती घरभर फिरायची. त्यातलं काही तुमच्या तक्त्यावर नव्हतं. ती थोडा वेळ तुमच्या काठीकडं बघायची आणि मग काठीच धरायची, खेळायला. तुम्ही काठी सोडवून घ्यायचे.

दोन वर्षांची झाली तरी ती एक शब्द बोलत नव्हती. हात धरून ओढायची, बोट दाखवायची, किंचाळायची. तुम्ही म्हणालात, तिला बोट दाखवून मिळतं म्हणून ती बोलत नाही, आता शब्द उच्चारल्याशिवाय काही द्यायचं नाही. मी नको म्हटलं होतं. मी त्या दिवशी लवकर घरी आले नसते तर मला कळलंच नसतं. मे महिना होता. तुम्ही माठाशेजारी खुर्ची टाकून पेला हातात धरून बसला होता आणि ती माठाला गाल लावून उभी होती. "म्हण, पाणी." ती हात पुढं करायची. "तोंडानं म्हण. पाणी." रडली नाही ती. रडून झालं असावं आधीच. वळली, मोरीत गेली, आणि कपडे भिजवलेल्या बादलीत ओंजळ घालून प्यायला लागली. आई तिथंच दाराशी उभी होती, पदर तोंडात धरून.

मी तुमच्या हातातला पेला घेतला. त्या दिवशी मी तुम्हाला काय काय बोलले ते तुम्हाला आठवत असेलच, कारण मी वऱ्हाडीत बोलले. "तुमचं शुद्ध तुमच्यापाशी ठेवा, मले माही पोट्टी जित्ती पाह्यजे," असं म्हटलं. तुम्ही चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणालात, "पाहिजे. पाह्यजे नव्हे." बाबा, जगात कोणाचा बाप असं करत असेल?

मग बुलढाण्याला गेलो. आधी कान तपासले, कान उत्तम निघाले. मला हसावं का रडावं कळेना, कारण कानच बिघडलेले असते तर दोष कोणाचाच नसता. नंतर स्पीच थेरपीच्या मॅडमकडं. तरुण पोर होती. तिनं चिन्मयीला खाली बसवलं, आपणही खाली बसली आणि विचारलं, "घरात हिच्याशी सगळ्यात जास्त कोण बोलतं?" साधा प्रश्न. मी तुमच्याकडं पाहिलं, तुम्ही आईकडं, आईनं खाली. मॅडम वाट बघत होती.

तिनं मग आपल्याला समजावून सांगितलं, तुम्हाला आबा म्हणून, अदबीनं. भांडी घासताना भांड्यांबद्दल बोला, कपडे घालताना हात कुठं, पाय कुठं ते बोला. केळं हवं का बिस्कीट, असं विचारून थोडं थांबा, तिला वेळ द्या. ती मम म्हणाली तर तोही शब्दच आहे, आनंदानं पाणी द्या. आणि घरात तुम्ही मनातल्या मनात ज्या भाषेत भांडता, त्या भाषेत बोला. शेवटी म्हणाली, "आबा, तिला काही दिवस शिकवू नका. नुसतं तिच्याशी बोला." मी तुमच्या चेहऱ्याकडं पाहत होते. चाळीस वर्षं भाषा शिकवलेल्या माणसाला कोणीतरी सांगत होतं की शिकवू नका. तुम्ही उठलात, नमस्कार केलात आणि बाहेर जाऊन उभे राहिलात.

परतीच्या एसटीत तुम्ही एवढंच बोललात की काल शिकून आलेली मुलगी मला भाषा सांगते. शेजारच्या सीटवर एक म्हातारी होती, टोपल्यात कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन. ती आपली चिन्मयीला बघून सुरू झाली, "काय व चिमने, कुठी चालली? मामाच्या गावाले चालली का? मले नेतं का?" आणि आपली पोर, जिचं तोंड उघडावं म्हणून आपण दवाखाने पालथे घातले, ती तिच्याकडं झेपावून आ-आ, बा-बा करत हसायला लागली. तुम्ही तिला उचललंत आणि खिडकीकडच्या मांडीवर घेतलंत. बाहेर बघ, म्हणालात. म्हातारी ओशाळून टोपल्यातल्या जुड्या सारख्या करत बसली. ते मी पाहिलं आणि त्या वेळी काही बोलले नाही, कारण गाडीत चारचौघं होते. घरी आल्यावर तर तुम्ही सरळ सांगितलंत, त्या मॅडमचं बाकी सगळं करा, भाषेचं सोडून. भाषेचं सोडून बाकी राहतं काय, बाबा?

आणि मग तो एसटी स्टँड. हे मी तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं, आज पूर्ण सांगते. मी दुपारी बँकेतून चहाला बाहेर पडले होते. रसवंतीच्या बाकड्यावर पाठमोरे तुम्ही आणि तुमच्या गावचे, देऊळघाटचे दत्तूकाका. तुमचा बालमित्र, वर्गात तुमच्याशेजारी बसलेला, ज्याला घरी आणायला तुम्ही नेहमी काहीतरी कारण काढून टाळायचे. मी हाक मारणार होते. तेवढ्यात तुमचा आवाज आला, "अबे दत्त्या, म्हातारा झाला तरी सुधरला नाही बे तू. काऊन त्याच्या नादी लागून राह्यला?" आणि तुम्ही हसलात. मांडीवर थाप मारून, मान मागं टाकून. मी तुमचं असं हसणं आयुष्यात ऐकलं नव्हतं. मी उसाच्या मोळीमागं उभी राहिले, चोरासारखी. किती वेळ ते नाही सांगता येणार, चहा राहून गेला. किती छान बोलत होतात तुम्ही! एकही वाक्य अडत नव्हतं. काय काय होतं तुमच्यापाशी. शिव्यासुद्धा अशा की लोणच्यासारख्या चाखाव्यात. आणि मग मला राग आला. म्हणजे होतं सगळं. आटलेलं नव्हतं, विसरलेलं नव्हतं. दत्तूकाकाला मिळत होतं. मला कधी मिळालं नाही, आईला नाही, त्या पोरीला नाही.

संध्याकाळी मी फक्त एवढं म्हटलं, "दत्तूकाकांशी बोलता तसं एकदा तिच्याशी बोला ना, बाबा. एकदाच." तुम्ही वर्तमानपत्राची घडी घातलीत. तुमचा चेहरा असा झाला जसं मी तुम्हाला उघडं पाहिलं होतं. मग म्हणालात, "दत्तूला कोणी हसलं नाही. कारण तो कुठं गेलाच नाही." आणि जेवायला आला नाहीत.

त्यानंतर आईनं स्वयंपाकघरात, आवाज अगदी खाली आणून, मला ते सांगितलं. पुण्याच्या प्रशिक्षणात तुम्ही बोलायला उभे राहिलात आणि वर्ग हसला. शिकवणाऱ्यानं तुम्हाला तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं, आणि पुन्हा, सगळ्यांची हसून करमणूक होईपर्यंत. परत आलात ते मुके होऊन आलात आणि नंतर बोललात ते पुस्तकातलं. देऊळघाटला तुमच्या आईशीसुद्धा. ती बिचारी मरेपर्यंत तुमच्यासमोर पाहुण्यासारखी बसायची. बाबा, हे तुम्ही मला का नाही सांगितलं? मी पुण्यात शिकले, मला कोणी हसलं नाही, उलट विचारायचे, तू विदर्भातली वाटत नाहीस. ती तुमची कमाई, मी नाकारत नाही. पण होस्टेलवरून घरी फोन लावायची तेव्हा तब्येत कशी आहे, पाऊस आहे का, एवढं झालं की आपल्या दोघांकडं काही उरायचं नाही. तुम्ही मला सभेत बोलायला शिकवलंत. बापाशी कसं बोलायचं ते राहून गेलं.

त्या शिकवणाऱ्याचं तुम्ही काही वाकडं करू शकला नाहीत. ते समजतं मला. पण त्यानं तुम्हाला जे केलं, 'पुन्हा म्हण' असं, तेच तुम्ही खुर्चीवर बसून दोन वर्षांच्या लेकराला केलंत. हे मला तुम्हाला तोंडावर सांगायचं होतं. शब्द जुळवत होते. रविवारी संदीप येईल, पोर त्याच्याकडं देईन, तुम्हाला बाहेर चालायला नेईन आणि शांतपणे सांगीन, असं ठरवलं होतं. तुम्ही गुरुवारी गेलात. सकाळी अंघोळ करून बैठकीत बसलात, आईनं चहा नेला तर मान कलंडलेली. भांडणसुद्धा पूर्ण करू दिलं नाहीत.

नंतर घरात बायका येऊन बसल्या. देऊळघाटची आत्या, तिच्या सुना, भिंतीपलीकडच्या नसीमचाची. रडायच्या, चहा प्यायच्या, तुमच्या आठवणी काढायच्या आणि बोलायच्या. किती बोलायच्या! चिन्मयी या मांडीवरून त्या मांडीवर. जिच्या मांडीवर जाईल तिच्या ओठांना बोटं लावून बघायची. तेरवी झाली, बायका आपापल्या घरी गेल्या, आणि मला धास्ती वाटली की आता पुन्हा पंख्याचाच आवाज.

नाही झालं तसं. आई बोलायला लागली. सकाळी उठल्यापासून. भाकर थापताना, "हे पाह्य, टाकली तव्यावर. आता फुगते का नाही फुगत, पाह्य बरं. फुगली का? फुगली माय." झाडताना झाडूशी बोलते, शेळीला शिव्या देते, नातीची वेणी घालताना तुमच्या गोष्टी सांगते. तुम्ही लग्नात घोड्यावर बसायला घाबरत होता, हे मला माहीतच नव्हतं. "तुहा आबा भेत होता व घोड्याले. दोघायनं धरून बसोला त्याले." मी डबा भरता भरता ऐकत उभी राहते. या बाईचा आवाज एवढा मोठा आहे, हेही मला माहीत नव्हतं.

काल संध्याकाळी आई पायरीवर बसून तुरीची डाळ निवडत होती आणि तुमचंच काहीतरी सांगत होती. सुपात खडा सापडला म्हणून मध्येच थांबली. चिन्मयीनं तिची हनुवटी धरली, तोंड आपल्याकडं वळवलं आणि म्हणाली, "बोल."

स्वच्छ. जसं रोजच बोलते. आईच्या लक्षातही आलं नाही, ती आपली पुढं सुरू झाली. पोरीनं पुन्हा एकदा म्हटलं, "आजी, बोल." मी पर्स खाली टाकली आणि बैठकीकडं तोंड करून ओरडले, "बाबा!"

तुम्हालाच सांगायचं होतं ना पहिल्यांदा. इतके महिने हेच ठरवत होते, की ती बोलली की आधी तुम्हाला हाक मारीन. बैठकीत खुर्ची होती, भिंतीवर तक्ता होता.

मग आईपाशी येऊन बसले. तिला जवळ घ्यायचं होतं, पण तोंडातून भलतंच निघालं. म्हटलं, "आई, इतकं येते तुले बोलता. तं आधी काऊन नाही बोलली व तिच्यासंग?"

आईनं सुपातून मान वर केली नाही.

"हे घरात होते ना," म्हणाली.

रागानं नाही म्हणाली. ऊन होतं म्हणून बाहेर गेले नाही, असं कोणी सांगावं तसं म्हणाली आणि डाळ निवडत राहिली. बाबा, मले तुम्ही पाह्यजे होते काल, तिचं बोलणं ऐकाले. अन् तुम्ही असते तं ती बोललीच नसती. हे दोन्ही खरं हाय, अन् हे घेऊन मी या घरात कसं राहू, ते मले कोण सांगन?